मेंदी, नीळ आणि नीतिसूत्रे

इसवी सन २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात टर्टुलियन नावाचे एक कडक गृहस्थ राहत होते. ख्रिस्ती धर्मविचार लॅटिनमध्ये मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या लेखकांत त्यांची गणना होते. बायकांच्या नटण्यामुरडण्यावर त्यांनी दोन भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात केस रंगवणाऱ्यांचा असा समाचार घेतला, की वाचताना हात आपोआप डोक्याकडे जावा. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे (मत्तय ५:३६), की आपला एक केससुद्धा माणसाला पांढरा किंवा काळा करता येत नाही. टर्टुलियन म्हणतात, ह्या बायका प्रभूलाच खोटं पाडायला निघाल्या आहेत. पांढरा नाही, काळा नाही, तर पिवळा करून दाखवतात!

पिवळा कशानं, तर केशरानं. इथंच माझी पंचाईत होते. केशर म्हणजे फुलातला तंतू. त्यात अमोनिया नाही, पेरॉक्साइड नाही, डांबरातून काढलेलं काही नाही. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी ज्या बायकांनी ही बोलणी खाल्ली, त्यांचे केस आजच्या भाषेत शंभर टक्के नैसर्गिक पद्धतीनं रंगवलेले होते. रसायन लावलं तर तो दिखावा आणि पाला लावला तर ती सृष्टीची सेवा, अशी एक सोयीची वाट मी मनाशी आखून ठेवली होती. टर्टुलियननी ती माझ्या आधी अठराशे वर्षं बुजवून टाकलेली.

मी लेस्टरला राहते, डोक्याला पाला लावते आणि रविवारी चर्चला जाते. ह्या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षं एकमेकींच्या वाटेला न जाता सुखानं चालल्या होत्या. पण हल्ली ‘नैसर्गिक जीवनशैली’ नावाची एक गोष्ट आमच्या मंडळीत शिरली आहे, आणि तिनं तिघींची गाठ घालून दिली.

माझं माहेर अहमदनगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१मध्ये तिथं काम सुरू केलं आणि पुढं कधीतरी आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका. शुक्रवारी रात्री ती लोखंडी कढईत मेंदी भिजवायची. चहाचं उकळलेलं पाणी, आवळकाठी, लिंबू. शनिवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून अंगणात बसायची. ही तिची जीवनशैली वगैरे काही नव्हती. महिन्याचा हिशोब होता. बाजारातल्या बाटलीपेक्षा मेंदी स्वस्त पडायची, एवढंच.

धर्माची अडचण कधी आली नाही, असं मात्र नाही. नवरीच्या हातावर मेंदी काढावी की नाही, ह्यावर आमच्याकडे लग्नाच्या आधी हटकून वाद व्हायचा. एखादे पाळकसाहेब म्हणायचे, ही आपली रीत नव्हे. दुसरे म्हणायचे, हळद चालते तर मेंदीनं काय घोडं मारलंय? मग कोणीतरी लेवीय १९:२८ काढायचं, जिथं अंगावर गोंदवून घ्यायला मनाई आहे. आणि आठवड्याभरात धुऊन जाणारं ते गोंदण कसं, असं दुसरं कोणीतरी विचारायचं. तोवर नवरीचे हात रंगून सुकलेले असायचे. डोक्यावरच्या मेंदीला मात्र कोणीही, कधीही हरकत घेतली नाही, कारण ती ‘थंडाव्याला’ लावायची असे. मराठी घरात कुठलीही हौस औषध म्हणून आणली की आत येते. माझ्या एका मावशीचं डोकं दर वर्षी नेमकं लग्नसराईच्या तोंडावर गरम पडायचं.

लेस्टरला नोव्हेंबरात डोक्याला थंडावा हवा, असं म्हणायची सोय नाही. इथं डोकं आयतंच थंड असतं. ओल्या मेंदीचा लपका कपाळावर बसला की दातावर दात वाजतात, आणि मग त्यावर प्लास्टिकची टोपी, टोपीवर टॉवेल, टॉवेलवर लोकरीची टोपी असा मजल्यावर मजला चढवून मी रेडिएटरला पाठ लावून बसते. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं. म्हणजे ह्या देशात ते वर्षातले बरेच महिने चमच्यानं खरवडायचा पदार्थ आहे. आईनं दिलेल्या निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून ते काढणं हा वेगळाच उद्योग. तीही बाटली रेडिएटरवर. निसर्गाच्या जवळ जाण्यासाठी आमचं गॅसचं बिल किती वाढतं, ते नवरा हिवाळ्यात दर महिन्याला वाचून दाखवतो.

मेंदी मिळायला मात्र इथं काहीच त्रास नाही. बेलग्रेव्ह रोडवर एका दुकानातले काका मला ओळखतात. “बेन, हाथ माटे के वाळ माटे?” हाताला की केसांना, एवढाच प्रश्न, पिकलेल्या केसांचा उल्लेखसुद्धा नाही. हा सभ्यपणा इथल्या सलूनमध्ये मिळत नाही. पुडीवर राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे नाव असतं. तिथल्या मेंदीला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोरडवाहू जमिनीत वाढलेला हा पाला वाळून, दळून, चाळून, समुद्र ओलांडून माझ्या केसांपर्यंत येतो. शेजारच्या घरातली इंग्रज बाई मागच्या बागेतली खाजऱ्या नेटलची पानं उकळून त्या पाण्यानं केस धुते. दोघींत जास्त नैसर्गिक कोण, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही. उत्तर मला माहीत आहे.

मेंदीची गंमत तिच्या पानातल्या लॉसोन नावाच्या रंगद्रव्यात आहे. ते केसातल्या केराटिन ह्या प्रथिनाला धरून बसतं आणि सोडत नाही. पांढऱ्या केसांवर नुसती मेंदी लावली की ते नारिंगी होतात. तपकिरी किंवा काळं व्हायचं तर वरून नीळ लावावी लागते, म्हणजे निळीच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड. दोघींचे स्वभाव अगदी उलटे. मेंदीला आंबट लागतं आणि रात्रभर निवांतपणा लागतो. निळीला आंबट चालत नाही. कोमट पाण्यात कालवली की दहा-पंधरा मिनिटांत ती तयार, आणि लगेच लावली नाही तर फुकट. कालवताना हिरवी असते, हवा लागली की वर निळसर पापुद्रा धरते. त्या क्षणी दारावरची घंटा वाजते. नेहमी वाजते. पार्सल घेऊन आलेला मुलगा आधी दचकायचा, आता तो नजर न उचलता सही मागतो.

जमिनीवर मी वर्तमानपत्राऐवजी पॅरिशचं, म्हणजे आमच्या चर्चचं, मासिक पसरते, कारण आमच्या घरी कागदावर छापलेलं आता तेवढंच येतं. त्यामुळं व्हिकरांचं, म्हणजे इथल्या पाळकांचं, मासिक पत्र बहुतेक वेळा हिरवट ठिपक्यांतून वाचलं जातं. पांढऱ्या बाथटबचं काय होतं ते सांगत नाही. आधीच्या भाड्याच्या घरातून निघताना डिपॉझिटाच्या हिशोबात त्याचा उल्लेख झाला होता, इतकं पुरे.

आणखी एक गोष्ट पुडीवर कुणी छापत नाही. मेंदीचा रंग धुतल्यावर लगेच बसत नाही. हवेतल्या प्राणवायूनं तो दोन-तीन दिवस गडद होत जातो. म्हणून ज्याला रविवारी देवासमोर उभं राहायचं आहे, त्यानं गुरुवारी मेंदी लावावी. शनिवारी लावली आणि निळीला वेळ उरला नाही, तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना तुम्ही दिसता. तशा एका रविवारी उपासनेत शांततेचं हस्तांदोलन करताना एका वयस्क बाईंनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि त्या म्हणाल्या, “तुम्ही किती धीट आहात!” इंग्लंडमध्ये ज्याला धीट म्हणतात त्यानं घरी जाऊन आरसा बघावा, एवढं मला कळतं.

ह्या बाईंच्या पिढीचे केस हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर अजून फिक्या निळ्या-जांभळ्या रंगाची झाक असते. पांढऱ्या केसांवर येणारा पिवळेपणा घालवायला निळा लावायचा. आई धुतलेल्या पांढऱ्या चादरी निळीच्या पाण्यातून काढायची, त्यातलं शास्त्र तेच. म्हणजे चर्चच्या एका बाकावर मी नीळ लावून पांढरं झाकते आहे आणि शेजारी ह्या बाई निळं लावून पांढरं उजळताहेत. दोघी एकाच स्तोत्रपुस्तकातून गातो.

अ रोशा यूके ह्या ख्रिस्ती संस्थेनं २०१६मध्ये ‘इको चर्च’ नावाची योजना सुरू केली. मंडळीनं एक लांबलचक प्रश्नावली भरायची, आणि उपासना, इमारत, जमीन, समाजकार्य व जीवनशैली ह्यांत काय-काय केलं त्यावरून कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण पदक मिळतं. आमची मंडळी कांस्यपदकाच्या मागं लागली. इमारतीचं अवघड होतं. जुन्या दगडी भिंतींतून ऊब थेट स्वर्गाकडे जाते. जमिनीचं सोपं झालं, कारण चर्चच्या आवारातलं गवत कापायला आधीच कुणी नव्हतं, त्याला आता जैवविविधता म्हणता आलं. जीवनशैलीच्या रकान्यापाशी मात्र सगळे थांबले आणि एकेक करून माझ्याकडे बघू लागले.

“तुमच्या परंपरेत तर हे सगळं पहिल्यापासूनच आहे ना?” व्हिकरांनी अतिशय आदरानं विचारलं.

मी काय सांगणार? घरात शाम्पूची पहिली पुडी आली त्या दिवशी आईनं शिकेकाईचा डबा माळ्यावर टाकला होता आणि पुन्हा काढला नव्हता, हे सांगू? शिकेकाई डोळ्यांत गेली की काय होतं ते ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाच तिच्याबद्दल भक्तिभाव वाटतो. आणि ‘वनस्पतींवर जगणारे’ म्हणावं तर आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे आणि मटण. मटण नसेल तर पाहुणे विचारतात, कोणी आजारी आहे का.

खरं सांगायचं तर व्हिकरांना हवी तशी मराठी ख्रिस्ती बाई ह्या देशात एकदा येऊन गेली. १८८३मध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या आणि वाँटेज गावातल्या सेंट मेरी द व्हर्जिनच्या भगिनींकडे उतरल्या. ह्या भगिनी पुण्यात काम करत, तिथून ओळख. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजलाच माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचं वय पंचवीस. वैद्यक शिकायचं म्हणून आल्या होत्या, पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळं ते राहिलं. पुढं चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि त्यांनी संस्कृत शिकवलं. पण माझ्या दृष्टीनं खरी कथा ताटाची आहे. ख्रिस्ती झाल्या तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन हिला त्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. रमाबाईंचा जबाब असा, की एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि तिनं आपल्या, कुणालाही न दुखवणाऱ्या सवयी बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला समजतं ते संस्कृत का नको, हाही त्यांचा प्रश्न होता. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७मध्ये ए. बी. शहांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला आहे. वाचताना दोघींचीही दया येते. जेराल्डाइनला वाटत होतं ही पोरगी ऐकत नाही, आणि पोरगी विचारत होती की तुमचा देव ऐकायचा की तुमचा स्वयंपाक.

तरी एक गोष्ट मला सिस्टर जेराल्डाइनच्या बाजूनं बोलावीशी वाटते. रमाबाईंची भाजी ब्राह्मण घरातून आलेली होती. माझ्या पणजोबांच्या ताटात जे होतं ते त्या घराच्या ओसरीवरसुद्धा चाललं नसतं. म्हणून कोणी ‘शुद्ध, सात्त्विक, नैसर्गिक’ असं एका दमात म्हटलं की माझे कान टवकारतात. ह्या तीन शब्दांत मधला कुठून आला ते विचारून घ्यावं. केसांच्या बाबतीत मात्र रमाबाई माझ्या कोणत्याच कामाच्या नाहीत. त्यांच्या छायाचित्रांत केस अगदी आखूड कापलेले आहेत. ना वेणी, ना रंग. पांढरं पातळ आणि समोरच्याच्या आरपार जाणारी नजर. त्यांच्यासमोर निळीची वाटी घेऊन उभं राहायचं माझ्यात धैर्य नाही. एकच दिलासा आहे. पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्ख्या बायबलाचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर केलं, तेव्हा गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातला तो चौदावा श्लोकही त्यांच्या हाताखालून गेलाच असणार. त्यात प्रियकराला एन-गेदीच्या मळ्यांतल्या मेंदीच्या फुलांचा गुच्छ म्हटलेलं आहे. एन-गेदी म्हणजे मृत समुद्राकाठची झऱ्यांची जागा. तेव्हा मेंदी शास्त्रात आहे. फुलांच्या रूपात आहे, कढईतली नाही, हे मला मान्य. आमच्या रविवारच्या शाळेतल्या बाई हे पुस्तक आलं की चार पानं एकदम उलटायच्या, त्यामुळं आम्हाला हा आधार मोठेपणीच सापडला.

बायबलच्या आसपास केस रंगवणारा म्हणून ज्याचं नाव मला सापडलं, ते ऐकून आनंद होण्यासारखं नाही. योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो, की थोरल्या हेरोदाचा मुलगा अलेक्झांडर बापाची टिंगल करायचा: म्हातारा झाला तरी वय लपवायला केस रंगवतो. हेरोद कशानं रंगवत होता ते योसेफस सांगत नाही. एन-गेदी जवळच होतं, म्हणून मला शंका आहे. बेथलेहेमच्या बाळांमागं सैनिक पाठवणारा राजा आणि मी एकाच वाटीतून लावतो, हा विचार आला की मी पुढच्या विषयाकडे वळते.

पुढचा विषय नीळ, आणि तोही फारसा सुखाचा नाही. नैसर्गिक म्हणजे निष्पाप, हे ज्याला वाटतं त्यानं चंपारण आठवावं. वीस कठ्ठे जमिनीतल्या तीन कठ्ठ्यांवर नीळ लावलीच पाहिजे, ही तिनकठिया पद्धत गोऱ्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांच्या मानेवर बसवली होती. गांधीजी १९१७मध्ये तिथं गेले ते त्यासाठी. ती नीळ शंभर टक्के वनस्पतिजन्य होती. तिचा बाजार मोडला तो १८९७मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं कारखान्यातली नीळ विकायला काढली तेव्हा. चंपारणच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं रसायनाच्या बाजूनं मत दिलं असतं. आणि ज्या रसायनांच्या नावानं आम्ही नाकं मुरडतो त्यांची सुरुवात इथलीच. १८५६च्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनच्या ईस्ट एंडमधल्या आपल्या घरी हिवतापावरचं क्विनीन बनवायला बसला. हाती आला जांभळा रंग. दगडी कोळशाच्या डांबरातून आलेला तो पहिला मोठा कृत्रिम रंग. सुट्टीत मुलानं घरी बसून काहीतरी उपयोगी करावं, असं म्हणणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

इंग्रजांची स्वतःची नीळही होती. वोड नावाचं पिवळ्या फुलांचं रोप. त्याच्या पानांतून तोच निळा रंग निघतो. पानं कुजवताना त्याला इतकी भयानक घाण सुटते, की पहिल्या एलिझाबेथ राणीनं आपल्या राजवाड्यांच्या आसपास हा धंदा करायला बंदी केली होती. आमच्या घरातही तसा हुकूम निघाला आहे. मेंदी-निळीचा वाडगा झोपायच्या खोलीपासून किती लांब असावा, ह्यावर नवऱ्याचं आणि राणीचं एकमत आहे.

एवढं सगळं असून मी दुकानातली डबी का आणत नाही, असं मुलगी विचारते. माझ्याकडे एक सरळ उत्तर आहे: मला ती सोसत नाही. बहुतेक गडद रंगांत पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं. ब्रिटनच्या कायद्यात केसांवर लावताना त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नसावं असं बंधन आहे, आणि अठ्ठेचाळीस तास आधी त्वचेवर चाचणी करा असं डबीवर छापलेलं असतं, जे कोणी करत नाही. समुद्रकिनाऱ्यावर पोरांच्या दंडावर जी ‘काळी मेंदी’ काढून देतात तिच्यातही पुष्कळदा हेच घातलेलं असतं. त्वचेवर ते वापरायला इथं बंदी आहे, कारण फोड येतात आणि व्रण राहतात. मेंदी काळी नसते. पुडीवर काळी मेंदी आणि झटपट असे दोन शब्द एकत्र दिसले की पुडी खाली ठेवावी. ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला तर मागची बाजू वाचावी. कण्हेरही नैसर्गिकच आहे.

हे खरं उत्तर. पण पूर्ण उत्तर नव्हे. सोसत नाही म्हणून डबी नको, हे समजलं. मग पालाही कशाला? पांढरे का नकोत? निसर्गानं दिलेला रंग कोणता, तर तो पांढराच. निसर्गाशी एकरूप व्हायला निघालेली बाई निसर्गानं एवढ्या वक्तशीरपणे पाठवलेली गोष्ट दर महिन्याला निळीखाली गाडते, ह्याला काय म्हणावं? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी भांग काळा असला तर नाताळच्या भक्तीला मध्यभागी एक पांढरी पायवाट उगवते. मागच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी ठरवलं होतं, की इतर लोक चॉकलेट सोडतात तर आपण रंग सोडावा. चाळीस दिवस म्हणजे सव्वा सेंटिमीटर सत्य. ह्याची बातमी मी फोनवर आत्याला दिली.

आत्या नगरला असते. वय ऐंशीच्या पुढं, शुभ्र अंबाडा, पवित्र शास्त्र तोंडपाठ.

“सलाम, आत्या.”

“सलाम. डोकं दाखव आधी.”

मी फोन वर धरून भांग दाखवला. ती चष्मा सरकवून बघत राहिली.

“बरं दिसतंय की! नीतिसूत्रे सोळा एकतीस माहीत आहे ना? पिकलेले केस म्हणजे शोभेचा मुकुट.”

“माहीत आहे गं. म्हणून तर...”

“त्याच्या पुढची ओळ?”

मी गप्प.

“तो मुकुट धर्माच्या मार्गानं चालणाऱ्याला मिळतो,” आत्या म्हणाली. “तेव्हा तुला अजून मिळाला नाही असं वाटत असेल, तर खुशाल रंगव.”

आत्याशी वाद घालून आमच्या घराण्यात कोणी जिंकलेलं नाही. पण ह्या एका वाक्यानं माझं ओझं कमी झालं. तोवर मी वचनं दोन्ही पारड्यांत टाकून बघत होते: एकीकडे पहिलं पेत्र, तिसरा अध्याय, बायकांचा शृंगार वेणीफणीचा नसावा, दुसरीकडे पहिलं करिंथ, अकरावा अध्याय, लांब केस हे स्त्रीचं वैभव. एका पारड्यात लेवीय, पिकल्या केसांपुढं उठून उभं राहावं. आणि इथल्या बसमध्ये मला पाहून कोणी उठू लागलं तर मला दिवसभर चैन पडत नाही, हे दुसऱ्यात. देवाला माझ्या केसांची गणती ठाऊक आहे असं मत्तय म्हणतो. गणती ठाऊक म्हणजे मूळ रंगही ठाऊक. त्याच्यापासून काही लपत नाही तर मग हा सगळा खटाटोप फक्त बेलग्रेव्ह रोड आणि पॅरिश हॉल ह्यांच्यासाठी आहे. एकदा हे कबूल केलं की मेंदी कालवताना हात हलका पडतो. हौस आहे. तिला पर्यावरणाचं पदक कशाला लावायचं? लेंट संपल्यावर पहिल्या गुरुवारी मी कढई काढली.

घरगुती उपायांना पदक लावायची गरज जॉन वेस्लीलाही पडली नव्हती. मेथडिस्ट चळवळीचा हा मूळ पुरुष आयुष्यभर चर्च ऑफ इंग्लंडचाच पाळक राहिला. ऑक्सफर्डला असताना केशभूषेवर पैसे घालवण्यापेक्षा ते गरिबांना द्यावेत म्हणून तो केस तसेच लांब सोडायचा. १७४७मध्ये त्यानं ‘प्रिमिटिव्ह फिजिक’ नावाचं घरगुती औषधांचं पुस्तक काढलं. डॉक्टरची फी ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी, स्वस्तातले आणि बहुतेक बागेतले उपाय. कानदुखी, खोकला, संधिवात, सगळं आहे. त्यातला काही भाग आज कोणी करू नये. काही ठिकाणी तो विजेचे झटकेही घ्यायला सांगतो. पण टकलावरचा उपाय वाचून मी उडालेच: सकाळ-संध्याकाळ टाळू लाल होईस्तोवर कांद्यानं चोळा, मग वर मध लावा. कांद्याचं तेल म्हणून आज मुंबईपासून लेस्टरपर्यंत ज्या बाटल्या खपतात, त्यांचा धर्मपिता हा निघाला. केस येतात की नाही, ह्याबद्दल वेस्लीनं खात्री दिलेली नाही. पण गरिबाच्या खिशाचा विचार करून लिहिलेलं आहे, आणि माझ्या आईच्या कढईच्या जवळचं हेच एक पुस्तक मला ह्या देशात भेटलं.

आमच्या मंडळीला अखेर कांस्यपदक मिळालं. त्यात मेंदीचा वाटा किती ते प्रमाणपत्रात लिहिलेलं नाही. पण चहाच्या वेळी त्या धीट म्हणणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारू लागल्या, की हे माझ्या केसांवर बसेल का. मागोमाग आणखी दोघी आल्या. आता पुढच्या गुरुवारी तिघी घरी येणार आहेत. सूचना देऊन ठेवल्यात: जुना टॉवेल आणा, फिका ब्लाउज घालू नका, आज रात्री कोपराच्या आत थोडी लावून दोन दिवस बघा, आणि रविवारपर्यंत आरशावर रागवायचं नाही. बाईंना त्यांचा निळा सोडायचा नाही, आणि मेंदीही हवी आहे. नीळ मात्र वरून लावायची म्हटलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, ती माझी आधीपासूनच आहे.

व्हिकरांनाही बोलावण्याबद्दल चर्चा झाली, कारण पदकाचा सगळा कागदी त्रास त्यांनीच काढला. पण त्यांच्या डोक्यावर मेंदी लावण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांच्यासाठी मी कापणीच्या सणाला वेदीपुढं मांडायला दोन किलो कांदे आणि मधाची एक बाटली घेऊन ठेवली आहे. वेस्लीच्या पुस्तकातलं ते पान मी सोबत ठेवणार होते, पण नवरा म्हणतो, राहू दे, अजून रौप्यपदक बाकी आहे.